नळापासून पेल्यापर्यंत

पाणीपुरवठ्याचा धडा शिकवताना आपण फळ्यावर एक चित्र हमखास काढतो. डोंगरातला तलाव, गाळण्याची टाकी, क्लोरीन मिसळण्याची सोय, टेकडीवरची उंच टाकी, रस्त्याखालून गेलेली जलवाहिनी आणि शेवटी घरातला नळ. चित्र नळापाशी संपते. वर्गातल्या मुलांना मात्र पक्के ठाऊक असते की पाणी तिथे संपत नाही. नळ पहाटे पाऊण तास येतो. तेवढ्यात पिंप, हंडा, कळशी, माठ, रिकाम्या बाटल्या असे सारे काही भरून घ्यायचे आणि पुन्हा नळ येईपर्यंत त्यावर भागवायचे. मध्येच जलवाहिनी फुटली, पूर आला किंवा पंपाची वीज गेली की हाच साठा कुटुंबाचा आधार.

विज्ञानाच्या इतिहासातले चित्रही फार काळ नळापाशीच संपत होते. पाणी कोठून येते, याचा कसून शोध घेतला गेला. ते घरात आल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न मात्र उशिरा, जवळजवळ सव्वाशे वर्षांनी, नीट विचारला गेला. हा उशीर का झाला आणि त्यातून काय हाती लागले, ते या लेखात पाहू या.

सुरुवात लंडनपासून करणे भाग आहे, कारण पटकीचा (म्हणजे कॉलऱ्याचा) आणि पाण्याचा संबंध दाखवणारी सर्वांत प्रसिद्ध गोष्ट तिथली आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीची साथ उसळली. जॉन स्नो या डॉक्टरने घरोघर हिंडून मृत्यूंची नोंद केली, बहुतेक मृतांनी एकाच हातपंपाचे पाणी प्यायले होते असे दाखवले आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. ही गोष्ट आपण नेहमी पंपाची म्हणून सांगतो. पण स्नोने मांडलेला पुरावा बारकाईने पाहिला तर त्यात साठवलेले पाणीही दोन ठिकाणी भेटते. त्याच रस्त्यावर बंदुकीच्या टोप्या बनवणारा एक कारखाना होता. तिथे कामगारांना पिण्यासाठी पंपाच्या पाण्याने भरलेली दोन पिंपे कायम ठेवलेली असत. सुमारे दोनशे कामगारांपैकी अठरा जण दगावले. दुसरी नोंद हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एका विधवेची. ती कित्येक महिने सोहोत फिरकलीही नव्हती. पण तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडे, म्हणून रोज एक बाटली भरून तिच्याकडे पोचवली जाई. साथीच्या दिवसांत आलेले ते पाणी तिने दोन दिवस प्यायले आणि ती गेली. पाहुणी आलेली तिची भाचीही तेच पाणी पिऊन इस्लिंग्टनला परतली आणि तिकडे मरण पावली. त्या दोन्ही वस्त्यांत तेव्हा पटकी नव्हती.

स्नोच्या दृष्टीने हा पंपाविरुद्धचा उत्तम पुरावा होता आणि त्याचे म्हणणे बरोबरच होते. पिंप आणि बाटली या फक्त वाहतुकीच्या सोयी ठरल्या. भांड्यात पाणी बिघडते का, हा प्रश्न त्याला पडण्याचे कारण नव्हते.

आपल्या शिक्षकमित्रांना कदाचित नवल वाटेल, पण त्या काळी लंडनमध्येही चोवीस तास नळ नव्हता. खासगी कंपन्या दिवसातून थोडा वेळ पाणी सोडत. श्रीमंतांच्या घरी शिसे मढवलेल्या टाक्या असत. गरिबांच्या वस्तीत अनेक घरांना मिळून एक नळ आणि आवारात एक लाकडी पिंप. झाकणे कुजलेली, आत काजळी, कधी मेलेला उंदीर. आरोग्य सुधारकांनी या टाक्यांविरुद्ध मोहीम उघडली. त्यांचे म्हणणे साधे होते: पाणी सतत दाबाखाली नळात असेल तर साठवायची गरजच उरणार नाही. १८५२ च्या कायद्याने पाणी गाळणे सक्तीचे केले. तरी १८६६ मध्ये ईस्ट लंडन कंपनीच्या न गाळलेल्या पाण्यामुळे पूर्व भागात पटकीने पाच हजारांहून अधिक माणसे गेली. १८७१ च्या कायद्याने अखंड पुरवठ्याचा मार्ग मोकळा केला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तो हळूहळू पसरला आणि जुन्या टाक्या व पिंपे मोडीत निघाली.

मग १८९५, १८९६ आणि १८९८ या वर्षांत पूर्व लंडनमध्ये पाण्याचा दुष्काळ पडला. कंपनी पुन्हा दिवसातून काही तासच पाणी सोडू लागली. आता घराघरांत टाक्याच नव्हत्या! एका-दोन खोल्यांत राहणारी कुटुंबे बादल्या, कपडे धुण्याची टपे, सुरया, जे हाती लागेल त्यात पाणी भरू लागली. ज्या खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत झोपणे, तिथेच आजारी मूल आणि तिथेच उघड्या बादलीत पिण्याचे पाणी. कंपनीने लोक पाण्याची नासाडी करतात असा ठपका ठेवला. लोकांनी संघटना बांधल्या, काहींनी पाणीपट्टी भरायला नकार दिला. अखेर १९०२ च्या कायद्याने लंडनमधल्या सगळ्या पाणीकंपन्या एका सार्वजनिक मंडळाकडे आल्या. आपल्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. टाकी काढण्याचा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा नव्हता. पण नळ अखंड राहील या गृहीतावर तो उभा होता. गृहीत कोसळल्यावर साठवण परत आली ती सर्वांत लहान जागा असणाऱ्या घरांत, आणि सर्वांत वाईट भांड्यांत.

मुंबईच्या विहिरी

आपल्याकडे मुंबईत अशीच गोष्ट घडली, मात्र कारण निराळे होते. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा यांची भर पडली. तरी वाड्यावाड्यांत विहिरी होत्या आणि वापरातही होत्या. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी पाहिला. त्यानंतर डासांचा शोध शहराशहरांत सुरू झाला. मुंबईत हे काम चार्ल्स बेंटली यांच्याकडे आले. त्यांचा अहवाल १९११ चा. मुंबईतल्या हिवतापाला जबाबदार असणारा अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास दलदलीत नव्हे, तर विहिरी, हौद आणि टाक्यांतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, असे त्यांनी दाखवले. विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, असे धोरण नगरपालिकेने घेतले. विरोध झाला. विशेषतः पारशी समाजात विहिरीच्या पाण्याला धार्मिक महत्त्व. शिवाय उजेड लागला पाहिजे अशी भावना. तोडगा म्हणून काही विहिरींवर बारीक जाळीची लहान झडप असलेली झाकणे आली.

हिवतापाच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण विहीर ही गल्लीची राखीव शिल्लक असते. नळ बंद पडला तर तिथे जाता येते. ती गेल्यावर शिल्लक ठेवायची कुठे? खोलीत. विहिरी बंद झाल्या म्हणून पिंपे आली, असे सरळ समीकरण मांडणे धाडसाचे ठरेल. लोकवस्ती वाढली, मजले चढले, नळाच्या वेळा आखडत गेल्या, हेही त्यात आहे. पण चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मोरीशेजारी उभे असलेले पिंप या साऱ्याचा परिणाम होता, यात शंका नाही. आणि त्या पिंपाबरोबर आणखी एक डास घरात आला. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती घरातले साठवलेले स्वच्छ पाणीच पसंत करतो. त्याची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही, आठवड्यातून एकदा भांडे आतून घासावे लागते. ‘कोरडा दिवस’ पाळा असे आरोग्य खाते सांगते, त्यामागचे कारण हे.

कलकत्त्याची सुरई

पटकीचा धागा पुन्हा हाती घेऊ. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू रुग्णांच्या शरीरात तर पाहिलाच, शिवाय एका वस्तीच्या तळ्यातही तो सापडला. पुन्हा स्रोतच! त्यानंतरची शंभर वर्षे स्रोत शुद्ध करण्यात गेली आणि त्याने अगणित जीव वाचले, हे आधी मान्य करू या. पण एक कोडे उरले होते. नळाचे पाणी तपासले तर चांगले, त्याच नळाच्या वस्तीत पटकी चालूच. घरात एकाला पटकी झाली की आठवड्याभरात दुसऱ्याला.

१९८० च्या दशकात कलकत्त्यातल्या संशोधकांनी झोपडपट्ट्यांत एक साधा प्रयोग केला. पटकीचा रुग्ण आढळलेली घरे घेऊन त्यांचे तीन गट केले. एका गटात काहीच बदल केला नाही. दुसऱ्या गटात घरात साठवलेल्या पाण्यात क्लोरीन घातले. तिसऱ्या गटाला फक्त एक मातीची सुरई दिली. निमुळत्या मानेची, जिच्यात हात किंवा पेला जाऊच शकत नाही, पाणी हवे असेल तर ती वाकवावीच लागते. घरातल्या इतर माणसांपैकी किती जणांना संसर्ग झाला ते मोजले. पहिल्या गटात शेकडा १७.३, क्लोरीनच्या गटात ७.३ आणि सुरईच्या गटात ४.४. हा अभ्यास १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला.

यावरून सुरई क्लोरीनपेक्षा श्रेष्ठ असा निष्कर्ष घाईने काढू नये. एकाच अभ्यासातल्या ७ आणि ४ यांतला फरक योगायोगाचाही असू शकतो. पण १७ आणि ४ यांतला फरक डोळेझाक करण्याजोगा नाही. रसायन नाही, इंधन नाही, केवळ भांड्याच्या तोंडाचा आकार बदलला होता. कारण समजायला सोपे आहे. एल टॉर या प्रकारच्या पटकीत संसर्ग झालेल्या बऱ्याच जणांना लक्षणे दिसतच नाहीत. तो माणूस हिंडतो-फिरतो, माठात पेला बुडवतो आणि पेला धरणारी बोटे पाण्याला लागतात. एवढे पुरते. सकाळी भरलेले पाणी दुपारपर्यंत वेगळेच झालेले असते.

इथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. पाण्याच्या भांड्याला कोणी हात लावायचा, हा प्रश्न आपल्या देशात जंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून जातीच्या नावाने विचारला गेला आहे. १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच प्रश्नावर झाला. वर्गात हा भाग शिकवताना ‘बोटे बुडवू नका’ याचा अर्थ ‘अमक्याने बुडवू नयेत’ असा कोणी घेणार नाही, हे पाहिले पाहिजे. जंतू सर्वांच्याच बोटांवर असतात. सुरईच्या मानेतून घरातल्या कोणाचाच हात जात नाही, हेच तिचे वैशिष्ट्य.

कलकत्त्याचा हा अभ्यास कदाचित पत्रिकेच्या पानांत पडून राहिला असता. पण १९९१ च्या जानेवारीत पेरू देशाच्या किनाऱ्यावर पटकी उद्भवली. त्या वर्षभरात तिथे तीन लाखांहून अधिक रुग्ण आणि सुमारे २,९०० मृत्यू नोंदले गेले. त्रुहिल्यो या शहरात संशोधकांनी पाण्याचा विहिरीपासून घरापर्यंत पाठलाग केला. विष्ठेतून येणारे जीवाणू विहिरीपेक्षा नळात जास्त आणि नळापेक्षा घरच्या भांड्यात आणखी जास्त निघाले. ज्यांच्या घरी पाण्याच्या भांड्यात हात घातला जाई, त्यांना पटकीचा धोका अधिक होता. फळ्यावरच्या चित्राचा सुटलेला तुकडा असा आकड्यांत पकडला गेला.

त्यानंतर मात्र वेगाने काम झाले. वीस लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, वर लहान तोंड, खाली तोटी, धरायला मूठ आणि जोडीला क्लोरीनचे पातळ द्रावण, अशी जोडणी अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राने तयार केली. बोलिव्हियात ती वापरलेल्या घरांत हगवणीचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी झाले. मालावीतल्या निर्वासितांच्या छावणीत १९९३ मध्ये झाकण आणि चोच असलेल्या बादल्या काही घरांना वाटल्या. त्यांत क्लोरीनसुद्धा घातले नव्हते. तरी पाण्यातले जीवाणू सरासरीने ६९ टक्के कमी आणि पाच वर्षांखालच्या मुलांतली हगवण ३१ टक्के कमी आढळली. पुढे २००४ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या ५७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या अभ्यासांत पाणी भरल्यानंतर लक्षणीय बिघडले होते.

एवढे वाचून ‘म्हणजे दोष घरातल्या बाईचाच’ असे म्हणायला काही मंडळी टपलेली असतात. लंडनच्या पाणीकंपनीचा तोच सूर होता. फिलिपीन्समधल्या सेबू शहराच्या अभ्यासावरून व्हॅन्डरस्लाइस आणि ब्रिस्को यांनी १९९३ मध्ये एक वेगळा मुद्दा मांडला होता, तो इथे सांगायलाच हवा. घरातल्या भांड्यात मिसळणारे जंतू बहुधा त्याच कुटुंबातले असतात. ताटातून, हातातून, खेळण्यातून ते एकमेकांना मिळतच असतात. स्रोतातून येणारे जंतू मात्र परके, आणि एकाच वेळी साऱ्या वस्तीला गाठणारे. तेव्हा जीवाणूंची संख्या सारखी दिसली तरी धोका सारखा नसतो. आमच्या मते या युक्तिवादाने कलकत्ता आणि पेरूचे निष्कर्ष पुसले जात नाहीत. पटकीसारखा जंतू घरात शिरला की भांडे महत्त्वाचे ठरतेच. पण घरोघर सुरया वाटून नगरपालिकेला तलावाची आणि नळाची जबाबदारी झटकता येणार नाही, हे त्यातून निश्चित होते.

घरातला हिशेब

आता लहान घराचा हिशेब करू. हा मुलांकडूनच करून घेण्यासारखा आहे. केवळ पिण्यासाठी माणशी दिवसाला ३ लिटर धरले, तर पाच जणांना तीन दिवसांसाठी ४५ लिटर लागतील. म्हणजे ४५,००० घन सेंटिमीटर. ३० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ५० उंच एवढा ठोकळा. ऐकताना मोठे वाटते, पण १५ लिटरचे तीन डबे केले तर प्रत्येक डबा २५ बाय २५ बाय २४ सेंटिमीटरचा होतो आणि तिन्ही खाटेखाली सरकतात. वजन प्रत्येकी १५ किलो. एकच मोठे पिंप भरले तर ते हलवता येत नाही, वाकवता येत नाही, म्हणून त्यात पेला बुडवणे ओघाने आलेच. त्यापेक्षा पिण्याचे पाणी लहान तोंडाच्या डब्यांत आणि वापरायचे पिंपात, ही विभागणी सोयीची.

डबा खाद्यपदार्थांचाच असावा. रंग, कीटकनाशक किंवा रॉकेलचा डबा कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्यासाठी घेऊ नये, आणि रॉकेलशेजारी ठेवूही नये. तोंड किती लहान? हात जाऊ नये, ब्रश जावा. सुरईची अडचण इथेच आहे. तिची मान इतकी अरुंद की आत घासता येत नाही. जाडे मीठ आणि थोडे पाणी घालून खळखळून हलवायचे, एवढाच उपाय. घरात तोंड रुंद असलेला माठच असेल तर तोटी बसवून घ्यावी, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे आणि ते झाकणावर न ठेवता खुंटीला टांगावे.

निर्जंतुक करायला चांगल्या प्रतीची विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, १,००० लिटरला २.५ ग्रॅम लागते, हे पुस्तकात असते. त्रैराशिक मांडले तर १५ लिटरला ३७.५ मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही धरता येणार नाही इतकी. म्हणून घरगुती वापराला क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात घ्यावे आणि अर्धा तास थांबावे. गढूळ पाणी आधी निवळून, फडक्यातून गाळून घ्यावे, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. हे क्लोरीन कायम टिकत नाही. उघड्या भांड्यात आणि उन्हात ते लवकर उडून जाते.

तांब्याच्या भांड्याबद्दल शिक्षक नेहमी विचारतात. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले पटकी, हगवण आणि विषमज्वराच्या गटातले जीवाणू जिवंत आढळले नाहीत. म्हणजे आजीच्या हंड्यात तथ्य आहे. पण १६ तास थांबायला हवे, मध्ये हात बुडवायचा नाही आणि भांड्याला आतून कल्हई असेल तर पाण्याचा तांब्याशी संबंधच येत नाही. हंडा घासून लखलखीत ठेवणे आले ते वेगळेच.

उरला शिळ्या पाण्याचा प्रश्न. काल भरलेले पाणी सकाळी ओतून देण्याची अनेक घरांत पद्धत आहे. बंद डब्यात असलेले नळाचे चांगले पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. टंचाईच्या गावात ते ओतणे परवडतही नाही. डब्यावर भरल्याची तारीख खडूने लिहावी, सर्वांत जुना डबा आधी वापरावा, आणि रिकामा झाला की घासून मगच पुन्हा भरावा.

वर्गासाठी एक छोटा पाहणीतक्ता सुचवतो. प्रत्येक मुलाने घरातल्या पाण्याच्या भांड्यांची नोंद करून आणायची: भांड्याचे नाव, किती लिटर, तोंड किती सेंटिमीटर, झाकण आहे की नाही, पाणी बुडवून काढतात की ओतून, शेवटचे कधी घासले, आणि ते भरून आणते कोण. साऱ्या वर्गाची बेरीज फळ्यावर, त्या जुन्या चित्राच्या उजवीकडे, नळाच्या पुढे लिहावी.